लाल फुलीच्या काचा

१२ सप्टेंबर १९६६, सिल्वासा

आज गलोंड्याकडच्या रक्ताच्या काचा आल्या. कालच्या अजून खोक्यातच आहेत, परवाच्याही. खोकं भरलं म्हणून माझा दुय्यम मधुकर याने वाण्याकडून साबणाचं रिकामं खोकं आणलं आणि त्यावर खडूने ‘नवीन’ असं लिहिलं. मी म्हटलं, "त्यात नवीन काय? उद्या जुन्याच होणार." तो हसला. मला हसू आलं नाही.

ही वही बायकोने, शैलजाने दिली. "घरी आल्यावर माझ्याशी बोलत नाही, निदान हिच्याशी बोला," म्हणाली. तर बोलतो.

मी मलेरियाच्या युनिटात सूक्ष्मदर्शकावर बसतो. आमची फिरती माणसं पाड्यापाड्यांवर जातात, कुणाला ताप असला तर बोटाला सुई टोचून काचेवर रक्त घेतात, हातावर पहिल्या गोळ्या ठेवतात आणि काच आमच्याकडे आणून देतात. रक्तात जंतू आहे की नाही ते मी बघायचं. असला तर माझा रिपोर्ट जातो आणि मग पुरं औषध मिळतं. इतकंच काम. दाभोळला आईला वाटतं मी डॉक्टर झालो.

काम खिडकीच्या उजेडावर चालतं. ढग आला की थांबायचं, गेला की पुन्हा डोळा लावायचा. संध्याकाळी जेवायला बसलो की ताटातल्या भातावर गोल गोल ठिपके तरंगतात.

१७ सप्टेंबर

वरच्या कार्यालयाचं पत्र आलं. डॉक्टर वेलणकर ते हातात घेऊनच आमच्या खोलीत आले. डॉक्टर मुंबईचे, माझ्याहून वयाने लहान. पण या वर्षभरात त्यांचे केस कानाजवळ पांढरे झाले आहेत.

"तोडणकर, महिनाअखेर न वाचलेल्या काचांची शिल्लक शून्य दिसली पाहिजे. कसंही करा."

ते गेल्यावर मधुकर खुर्ची ओढून जवळ आला. हा मूळचा धुळ्याकडचा. म्हणाला, "साहेब, मी काय म्हणतो, जुन्या काचांवर ‘निरोगी’ लिहून मोकळे होऊ. कोण बघायला येतंय?"

मी ओरडलो. इतका की बाहेर बाकावर बसलेला माणूस आत डोकावला. मधुकर पुढे दिवसभर बोलला नाही. असल्या माणसावर काच सोडायची तरी कशी? त्याने वाचलेली प्रत्येक काच मी पुन्हा वाचतो. अजून चूक सापडलेली नाही, पण सही माझी असते.

२० सप्टेंबर

आज जे झालं ते लिहावंसं वाटत नाही.

गेल्या आठवड्यात खेरडीच्या एका काचेवर मला चंद्रकोरी दिसल्या होत्या. म्हणजे वाईट जातीचा मलेरिया. महादू नावाचा माणूस, जंगलात लाकूड तोडणारा. रिपोर्ट लगेच काढला. देवजी औषध घेऊन गेला. हा आमचा फिरता कामगार, इथलाच, कोकणा समाजाचा. सगळे पाडे त्याला पाठ.

आज देवजी आला आणि पुडी माझ्या टेबलावर ठेवली.

"औषध परत आणलंय, सायब."

"का? घरी नव्हता?"

"तो मेला. लय दिवस झाले. दिवसकार्य पण झालं. बायको म्हणाली, आता कुणाला देऊ?"

काच आमच्याकडे आली तेव्हा तो जिवंत होता. मग ती खोक्यात पडून राहिली, आपल्या पाळीची वाट बघत. मी तिच्या आधीच्या सगळ्या काचा नीट वाचल्या, एकही सोडली नाही. क्रमाने वाचल्या.

देवजी गेला. पुडी मी खणात टाकली.

२१ सप्टेंबर

डोकं दुखतं. गेलो, बसलो, आलो.

२३ सप्टेंबर

शैलजाला खेरडीचं सांगितलं. ती मराठी शाळेत चौथीला शिकवते. तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "एक विचारू?"

"विचार."

"वर्गात गणित अडलं की पोरी पाटीकडे बघून रडायला लागतात. तेव्हा मी दोनच प्रश्न विचारते. काय दिलंय? आणि काय काढायचंय?"

मला राग आला. म्हटलं, "माणूस मेलाय आणि तू मला चौथीचं गणित शिकवतेस?"

ती उठून आत गेली. मला वाईट वाटलं, पण उठून तिच्यामागे जाण्याइतकीही ताकद नव्हती.

२५ सप्टेंबर, रविवार

सकाळी मी आपणहून म्हणालो, "बरं, विचार."

"काय दिलंय?"

"दोन माणसं. एक चांगलं यंत्र, एक भिंगात बुरशी आलेलं. खिडकी एकच. काचा रोज येतात आणि वाचून होतात त्याहून जास्त येतात."

"काय काढायचंय?"

"शिल्लक शून्य."

"हे डॉक्टरांचं उत्तर झालं. तुम्हाला काय काढायचंय?"

हे मला कुणी कधी विचारलं नव्हतं. मी म्हटलं, "खेरडीसारखं पुन्हा होऊ नये."

"मग ही दोन वेगळी गणितं आहेत," ती तांदूळ धुता धुता म्हणाली. "आता सांगा, ज्याचं रक्त महिन्यापूर्वी घेतलं तो आज कसा असेल?"

"बरा झाला असेल. नाहीतर..."

"आणि ज्याचं काल घेतलं तो?"

"तापात असेल."

"आणि तुम्ही आधी कुणाची काच बघता?"

मी क्रमाचं सांगायला लागलो. जो आधी आला त्याचा हक्क आधी, नाहीतर ओळखीच्यांच्या काचा वर जातात, लोक गैरफायदा घेतात. हे सगळं खरंच आहे. ती ऐकत होती. शेवटी म्हणाली, "दवाखान्यात फणफणलेलं पोर आलं तर त्याला रांगेत शेवटी बसवतात का?"

मग आणखी एक विचारलं: "यातलं तुमच्याशिवाय दुसऱ्या कुणाला करता येणार नाही असं काय आहे?" मी म्हटलं, सगळंच. यावर ती गप्प बसली, पण तिच्या गप्प बसण्याचा अर्थ मला कळतो.

दुपारी देवजीच्या घरी गेलो. त्याच्याशी बोलून ठरलं. रक्त घेताना माणूस अंगाने तापलेला असेल, कुडकुडत असेल, लहान मूल किंवा गरोदर बाई असेल, तर काच गुंडाळलेल्या कागदावर लाल पेन्सिलीने फुली मारायची. फुलीच्या काचा त्याच दिवशी वाचायच्या. बाकीच्या क्रमाने, जमेल तेव्हा.

देवजी म्हणाला, "सगळेच म्हणतील मला फुली मार."

"मग?"

"मग हात लावून बघीन. अंग खोटं नाय बोलत."

२७ सप्टेंबर

डॉक्टरांना सांगितलं. त्यांनी कपाळाला हात लावला. "म्हणजे जुनी शिल्लक तशीच राहणार? तोडणकर, तुम्हाला माझी नोकरी घालवायची आहे का?"

मी त्यांनाही तेच विचारलं, आपल्याला काय काढायचंय. वरिष्ठांना असं विचारत नाहीत. ते उठून खिडकीशी गेले. मग म्हणाले, "आठवडाभर करून बघा. लेखी काही मागू नका."

घरी आलो तर दिवा नाही, चूल नाही. शैलजा पांघरूण घेऊन पडलेली. शाळेत फार बोलावं लागलं म्हणाली. मीच पोहे भिजवले. माझ्या आनंदाच्या दिवशी हिला नेमकं पडायचं होतं.

२९ सप्टेंबर

फुलीच्या पहिल्या काचा आल्या. वासोण्याच्या एका मुलीची काच दुपारच्या आत वाचली, जंतू निघाले, देवजी सायकलवर औषध घेऊन तसाच परत गेला. इतक्या दिवसांत पहिल्यांदा असं वाटलं की काचेच्या दुसऱ्या टोकाला कुणीतरी आहे.

घरी सांगायला धावत आलो. शैलजा दोन घोंगड्या घेऊन झोपलेली. बाहेर उकाड्याने अंगाला घाम, आणि हिला थंडी. "चहा करून घ्याल का?" म्हणाली. घेतला. पण सांगायचं तसंच राहिलं. चिडचिड झाली.

३० सप्टेंबर

आज ती ठणठणीत. सकाळी अंगण झाडत होती, गाणं गुणगुणत होती. म्हटलं, शाळेच्या कामाचा ताण असेल, एखादा दिवस येतो तसा.

महिनाअखेर. शिल्लक शून्य नाही, उलट थोडी वाढली. डॉक्टर म्हणाले, "आहे तेवढी लिहा." सही करताना त्यांनी पेन दोनदा खाली ठेवलं.

१ ऑक्टोबर

काचा, काचा. मधुकरने वाचलेल्या पुन्हा वाचता वाचता उजेड गेला. शैलजा जेवली नाही. नवरात्राआधीच काही उपास धरला असेल. विचारायचं राहिलं.

३ ऑक्टोबर

ढगाळ. फुलीच्या काचाही पूर्ण झाल्या नाहीत. शैलजा आज पुन्हा संध्याकाळी पडूनच होती. घरात दोन थकलेली माणसं असली की बोलायचं कुणी, हाच प्रश्न. उद्या लवकर जायला हवं.

४ ऑक्टोबर

सकाळी देवजीने फुलीच्या काचा दिल्या. नेहमीसारखा बाकावर टेकला नाही, घाईने निघून गेला. मी एकेक घेत होतो. तिसरी का चौथी. तेलाचा थेंब टाकला, डोळा लावला, आणि लगेचच दिसलं. शोधावं लागलंच नाही. लाल पेशी फुगलेल्या, आत तो ओळखीचा कडं घातलेला जंतू. ही साधी जात, माणूस मरत नाही, पण एक दिवसाआड हलवून सोडते. मी मधुकरला म्हणालो, "लिही, सापडला." आणि नाव सांगायला कागद उलटा केला.

शैलजा रमाकांत तोडणकर. शिक्षिका.

मधुकर माझ्याकडे बघत होता. मी उठलो आणि चपला न घालता बाहेर आलो. रस्त्यात कळलं, मग परत गेलो.

शाळेत पोचलो तेव्हा ती फळ्यावर नद्यांची नावं लिहीत होती. पदर खोचलेला, हात खडूने पांढरे. चांगली उभी. सगळ्या पोरी माझ्याकडे वळून बघायला लागल्या. ती दारात आली.

"काय झालं? आई बरी आहे ना?"

"तुला मलेरिया आहे."

"हो," ती म्हणाली. "आज बरी आहे. उद्या दुपारी येईल."

"तुला माहीत होतं?"

"एक दिवसाआड थंडी वाजून ताप येतो, मग घाम येऊन उतरतो. तुमच्याबरोबर इतकी वर्षं काढली, एवढं कळणार नाही? काल वर्गात हुडहुडी भरली तेव्हा देवजी आलेलाच होता. म्हटलं घे रक्त. गोळ्या देत होता, नको म्हटलं. घरीच आहेत औषधवाले."

"मग मला सांगितलं का नाहीस?"

ती हळू बोलत होती, मुलींना ऐकू जाऊ नये म्हणून. "आधी सांगितलं असतं तर तुम्ही माझी काच उचलून वर ठेवली असती, आणि मग क्रम मोडला म्हणून झुरत बसला असता. तुमची फुली सुरू झाली, म्हटलं आता द्यायला हरकत नाही."

हे तिने थट्टेत म्हटलं की खरं, मला अजून कळलेलं नाही. मागून एक मुलगी म्हणाली, "बाई, तापी लिहिली, पुढे?" ती आत गेली.

५ ऑक्टोबर

आज कामावर गेलो नाही. गोळ्या काल दिल्या, तरी दुपारी थंडी आलीच.

हे लिहायला लाज वाटते. दहा वर्षं मी हा जंतू बघतोय. त्याची वाढ, त्याचे आकार झोपेत सांगू शकेन. पण थंडी भरलेला माणूस मी इतक्या जवळून कधी पाहिला नव्हता. आधी तिची नखं निळी झाली. मग दात वाजायला लागले, आणि ते थांबवायला तिने पदराचा बोळा दातांत धरला. खाट हलत होती. घोंगड्यांवर मी सतरंजी टाकली, तरी पुरेना, शेवटी तिला वरून घट्ट धरून बसलो. तासाभराने अंग असं तापलं की हात ठेववेना. "शाळेची घंटा झाली का?" असं दोनदा विचारलं. मग घाम. लुगडं पिळून काढावं इतका. मग झोपली, तोंड उघडं टाकून, लहान मुलीसारखी.

हे तिने माझ्याच घरात, मी समोर बसलेला असताना, कितीदा सोसलं. मी चहा करून घेतला होता आणि चिडलो होतो.

६ ऑक्टोबर

सकाळी गेलो तर कालच्या फुलीच्या सगळ्या काचा वाचून झालेल्या. मधुकरने रिपोर्ट काढून, माझी सही नाही म्हणून डॉक्टरांची घेऊन, पाठवूनही दिले. मी सवयीने काचा पुढे ओढल्या. मग थांबलो.

"मधुकर, इथे तुला सगळ्यात जड काय जातं?"

तो सावध झाला. "काही नाही, साहेब."

"खरं सांग. ओरडणार नाही."

त्याने थोडा वेळ बाटलीचं बूच उघडलं, लावलं. मग म्हणाला, "मी वाचतो, तुम्ही परत वाचता. मग मी कशाला वाचू? त्या दिवशी मी ते ‘निरोगी’ लिहायचं बोललो ना, मला ते करायचं नव्हतं. पण माझ्या वाचण्याला किंमतच नाही, तर वाचलं काय न वाचलं काय."

शैलजा त्या रविवारी गप्प बसली होती ती याच ठिकाणी.

ठरवलं: त्याच्या ज्या काचेत जंतू सापडेल ती मी बघणार, आणि बाकीच्यांतल्या मधल्या काही, हाताला येतील त्या. उरलेल्यांवर त्याची सही. तो म्हणाला, "चुकलं तर?" मी म्हटलं, "माझंही चुकतं." दिवसभर माझं लक्ष त्याच्या टेबलाकडे होतं. पण संध्याकाळी खोक्याचा तळ थोडा दिसला.

९ ऑक्टोबर, रविवार

ताप आला नाही. गोळ्यांनी तोंड कडू झालंय, पेज नको म्हणते, लिंबाचं लोणचं मागते. बरं लक्षण.

मी तिच्याजवळ बसलो आणि विचारलं, "तुला काय जड जातं?"

विचारून धास्तावलो. मला वाटलं ती म्हणेल, हे गाव नको, तुम्ही नको, मला माहेरी पाठवा. म्हणाली असती तर चूक नव्हती. ती आढ्याकडे बघत विचार करत होती. शेवटी म्हणाली,

"पाणी."

"काय?"

"विहिरीवरून पाणी. सकाळी शाळेच्या आधी आणि संध्याकाळी. कंबर धरते."

"इतकंच?"

"इतकंच कसं? तुम्ही एकदा भरून बघा."

भरायला गेलो. विहिरीवरच्या बाया आधी गप्प झाल्या आणि मग तोंडाला पदर लावून हसत सुटल्या. त्यांतली सुमनबेन, आमच्या शेजारची, गुजरातीत म्हणाली की दोर असा नाही, असा धरायचा. तळहाताची साल निघाली. परत येईपर्यंत कळशी पाऊण झाली. आजपासून सकाळचं पाणी माझं.

१३ ऑक्टोबर

वरून पत्र. शिल्लक का वाढली याचा खुलासा डॉक्टरांनी स्वतः येऊन द्यायचा. डॉक्टरांनी मला बोलावलं. मला वाटलं आता सगळं माझ्यावर येणार. मी आधीच म्हणालो, कल्पना माझी होती, माझं नाव सांगा.

ते म्हणाले, "नाव कशाला? मी त्यांना एवढंच विचारणार आहे, ताप असताना औषध पोचलेलं बरं की उतरल्यावर?" मग थकल्यासारखे हसले. "फार तर बदली करतील. पण इथून कुठे पाठवणार? शिक्षा म्हणून तर इथे पाठवतात."

१७ ऑक्टोबर

डॉक्टर जाऊन आले. बोलणी खावी लागली, फुलीबद्दल हो म्हणाले नाहीत, नाहीही म्हणाले नाहीत. दुसरं यंत्र दुरुस्तीला पाठवायला मात्र परवानगी मिळाली. डॉक्टर टेबलावर डोकं टेकून बसल्या जागी झोपले. आम्ही दार ओढून घेतलं.

देवजी सांगत होता, वासोण्याची मुलगी आता गुरांमागे जाते. आणि खेरडीच्या महादूच्या घरी तो परवा गेला होता. बायको काही बोलली नाही, पण धाकट्याला ताप होता तर तिने रक्त घेऊ दिलं. ती काच त्याच दिवशी वाचली. जंतू नव्हता. मी पुन्हा पुन्हा पाहिली, नव्हता.

१९ ऑक्टोबर

आज नवीन काचा आल्या तेवढ्याच जवळजवळ वाचून झाल्या. जुनं खोकं आहेच. ते संपायला दिवाळी जाईल, कदाचित होळीही. पाठ दुखते ती दुखतेच. मधुकर म्हणाला, "साहेब, उरलेल्या मी बघतो, उजेड आहे तोवर. तुम्ही जा."

मी उभा राहिलो, पुन्हा बसलो, पुन्हा उभा राहिलो. मग किल्ली त्याच्या टेबलावर ठेवून निघालो.

बाजारातून चालत आलो. ऊन अजून कौलांवर होतं. शैलजा पायरीवर सूप घेऊन तांदूळ निवडत बसली होती. मला पाहिलं आणि घाबरून उठलीच.

"एवढ्या लवकर? काय झालं?"

"काही नाही झालं," मी म्हटलं.

ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली. मग सूप बाजूला सरकवलं आणि पायरीवर मला जागा केली.